भाड्याचं घर, पाच हजार रुपये आणि शिलाई मशीन

भाड्याच्या घरात कशावरही पैसे टाकण्याआधी मी एकच विचारते: हे टेम्पोत चढेल का? चढणार असेल तर बघू. भिंतीला, फरशीला नाहीतर ओट्याला कायमचं चिकटणार असेल, तर ते घरमालकाचं झालं. करार 11 महिन्यांचा. भाडं वाढलं की आपण बोचकी बांधणार आणि हौसेने लावलेला वॉलपेपर पुढच्या भाडेकरूला शोभणार. म्हणून भिंतीवर कमीत कमी खर्च आणि कापड, दिवे, लाकूड यांवर जास्त, हे माझं गणित.

आम्ही पुण्यात, धनकवडीत वन रूम किचनमध्ये राहतो. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. यजमानांची रिक्षा आहे, मी घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज करते. म्हणजे मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या हीसुद्धा घरातली माणसंच धरा. हातात पाच हजार होते. एवढ्यात सोफा येत नाही, पण घर नक्की बदलतं.

सुरुवात खरेदीने करायचीच नाही. माळ्यावरचं सगळं खाली घ्या. बोहारीण दारात आली की आपण गठ्ठाच्या गठ्ठा तिच्यापुढे टाकतो आणि एका पातेल्यावर खूश होतो. तसं करू नका. पँटी, टेरिकॉटचे शर्ट, विटलेले ड्रेस खुशाल द्या. सुती साड्या, जुन्या चादरी, धोतरं आणि सोलापुरी चादर, मग ती मधे फाटलेली का असेना, बाजूला ठेवा. निम्मी सजावट त्याच गठ्ठ्यात असते. तुटकी बादली, बंद पडलेला मिक्सर, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले खोके भंगारवाल्याला द्या. त्याने दिलेले पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका, बल्बाला लावा.

बल्ब का, तर पाचशे रुपयांत एवढा फरक दुसरं काहीच पाडत नाही. आपल्याकडे खोलीला एकच पांढरी ट्यूब, तीही दाराच्या वर, आणि तिच्या उजेडात सगळे आजारी दिसतात. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार. अभ्यास, शिवण आणि ओटा यांना पांढरा लागतोच, तिथे काटकसर नको. पण बसायच्या कोपऱ्यात 9 वॅटचा एक पिवळसर एलईडी लावा आणि रात्री जेवणं झाल्यावर ट्यूब बंद करा. बुरूड आळीत टोपल्या मिळतात. त्यातली एक बारीक विणीची उलटी करून बल्बवर लटकवली की भिंतीवर जाळीदार सावली पडते. एलईडी जुन्या पिवळ्या बल्बइतका तापत नाही, तरी बल्ब आणि टोपली यांत वीतभर अंतर ठेवा.

आता भिंती. सगळे दिवाळीच्या तोंडावर रंग काढतात. तेव्हा भिंतीत पावसाची ओल असते आणि पेंटर हाताला लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये भिंत खडखडीत वाळलेली असते, तेव्हा काढा. मालकाशी बोलताना ‘रंग तुमचा, हात आमचे’ असं म्हणून बघा. मजुरी वाचते म्हटल्यावर बरेच मालक डबा आणून देतात. आमच्याही मालकांनी पांढरा डिस्टेंपर दिला. स्टेनरची, म्हणजे पांढऱ्यात छटा कालवायच्या रंगाची, बाटली आणि ब्रश आमचे.

भिंत किती, ते आधी मोजा. 10 बाय 10 ची खोली, 9 फूट उंची, तर चार भिंती मिळून 360 चौरस फूट. दार, खिडकी, कपाट वजा केलं की तीनशेच्या आसपास उरतात. किती जागेला किती रंग लागतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. पोपडे पत्र्याने खरवडा, भोकं पुट्टीने भरा, वाळली की पॉलिश पेपर मारा, धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मग रंगाचे दोन हात द्या. आधी स्लॅब, मग भिंती. स्टेनर घालून रंग करणार असाल तर लागेल तेवढा सगळा एकाच बादलीत एकदम कालवा. तीच छटा दुसऱ्यांदा कुणाच्या बापाला जमत नाही. आणि आधी पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या, ओला रंग फसवतो. एखाद्या भिंतीला ओल असेल तर तिच्यावर पुट्टीचा एक पैसा घालू नका. आधी गळती कुठून आहे ते बघायला लावा, नाहीतर पावसाळ्यात फुगे येणारच.

रंगावरून घरात भांडण होणार, हे धरून चाला. सासूबाईंना पिस्ता हवा होता, मुलीला जांभळा, यजमान म्हणाले, ‘काहीपण करा, मला जेवायला द्या.’ तोडगा असा काढला: भिंती साध्या दुधाळ, आणि कडप्प्याच्या फळ्या आहेत त्या कोनाड्याच्या आतली बाजू जांभळी. एवढ्याशा जागेला छोटीशी डबी पुरते. तो कोनाडा मुलीचा. तिची पुस्तकं, शाळेत मिळालेली ढाल, गोट्यांची बरणी सगळं तिथे. काळा कडप्पा आणि मागे जांभळं, खरं सांगते, दुकानात दिसतं त्यापेक्षा बरं दिसतं.

पडदे हे माझं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते. तयार पडद्यात बराच पैसा शिलाईचा आणि पिशवीचा असतो. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. खिडकीचा पडदा तयार 5 फूट हवा असेल तर वरखाली दुमड धरून साडेपाच फूट कापायचा. एका साडीत तीन तुकडे निघतात. दाराच्या पडद्याला साडेसात फूट धरा, दोन निघतात आणि तीन फूट उरतं. साडी उभीच वापरायची, म्हणजे काठ दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि बाजूच्या दुमडी शिवाव्या लागत नाहीत. पडद्याची रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट हवी. कमी घेतली की तो ताणून वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसतो. पदराचा तुकडा भरजरी असेल तर पडद्यात घालवू नका, तक्क्याला ठेवा.

जुनी सुती साडी विरलेली असते, उन्हाकडे धरलीत तर आरपार दिसतं. तिला मागून मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, लावा. मांजरपाट स्वस्त असतो, पण आटतो. रात्रभर पाण्यात भिजत घालून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. तसाच शिवलात तर पहिल्या धुण्यात अस्तर वर चढतं आणि साडी पोटासारखी पुढे येते. दोन्ही कापडं खालच्या दुमडीत एकत्र शिवूही नका. अस्तर बोटभर आखूड ठेवून सुटंच सोडा. सुई 14 नंबरची चालते, वरची पट्टी चार पदरी होते तिथे 16 ची घाला आणि टाका मोठा ठेवा. वरच्या पट्टीत रॉड सहज सरकेल एवढी जागा, म्हणजे अडीच-तीन इंच, धरा. स्प्रिंगची तार स्वस्त मिळते, पण चार फुटांच्या पुढे ती मधे झोळ खाते. तिथे रॉडच लावा. रॉड टेम्पोत चढतो.

आणि एक, स्वयंपाकघरात जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टर लावायचंच नाही. गॅसजवळ वितळून अंगाला चिकटतं. तिथे आखूड सुती पडदा, तोही खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला. वरून उजेड येतो, समोरच्या गॅलरीतल्या काकूंना आपली भाजी दिसत नाही.

सोफ्याचं स्वप्न सोडून द्या. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातली कापसाची गादी होती, दगड झालेली. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, नवीन खोळ शिवली आणि ती दिवाणावर टाकली. उरलेल्या कापसात दोन लोड झाले. तक्क्याला चेन लावायची गरज नाही. 16 इंची उशीला पुढचा तुकडा 17 बाय 17 चा, मागे 17 बाय 12 चे दोन, एकमेकांवर चढवून शिवायचे. खोळ पाकिटासारखी उघडते. नुसत्या चिंध्या भरल्या तर तक्क्या वीटच होतो. चिंध्या बारीक कातरून मधे घाला आणि बाहेरून कापसाचा थर द्या.

दिवाणामागच्या भिंतीला टेकून टेकून डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. जुन्या घरांत याचसाठी खाली तीन फूट ऑइलपेंटचा पट्टा असायचा. डिस्टेंपर घासून धुता येत नाही. मी तिथे सोलापुरी चादर आडवी टांगलीय, फाटलेला भाग कापून, कडा दुमडून. डाग चादरीला पडतात, चादर धुता येते, आणि भिंत भरलेली दिसते ती वेगळीच.

फोटो टांगायला भिंतीत पाच-सहा खिळे ठोकले की प्लास्टर उडतं आणि डिपॉझिटमधून कापलं जातं. त्यापेक्षा चार फुटांची एक लाकडी पट्टी घ्या. मालकाला विचारून दोनच भोकं पाडा, 6 मिलीमीटरचं बिट, आत गिट्टी (स्क्रू पकडणारी प्लास्टिकची नळी), मग स्क्रू. पट्टीला हवे तेवढे हूक लावा आणि फ्रेमा दोऱ्याने सोडा. फ्रेमा जुन्या बाजारात मिळतात. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. वेगवेगळ्या असल्या तरी सगळ्यांना एकच रंग मारला की एका घरातल्या दिसतात. भाव अर्ध्यावरून सुरू करा, लाजू नका.

जुनं लाकूड घेताना उलटं करून बघा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला की सरळ पुढे चालायचं. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर कितीही चकचकीत असो, कड फुगलेली असेल तर त्याला पाणी लागलंय, ते काही टिकत नाही. गादी, उशी, कापडी खुर्ची जुनी आणायची नाही. ढेकूण एकदा घरात आले की सजावटीचे पैसे औषधालाच जातात.

मुलाच्या अभ्यासाला वेगळी जागा कुठून आणायची? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडचे उरलेले तुकडे विकायला असतात. 19 मिलीमीटरचा, साडेतीन बाय दोन फुटांचा तुकडा आणला, कडा घासल्या, खाली टेकू म्हणून दोन घोड्या ठेवल्या. उंची अडीच फूट, खुर्चीची बसकण दीड फूट. मुलगा उजव्या हाताने लिहितो, म्हणून दिवा डावीकडे, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते. दिवसा या टेबलावर माझं कटिंग चालतं, सातनंतर ते त्याचं. सातला माझी कात्री आणि खडू उचललेला नसेल तर तो तोंडाने काही बोलत नाही, नुसता दप्तर घेऊन शेजारी उभा राहतो. वेळ ठरवून टाकली तर छोट्या घरात एकाच वस्तूची दोन कामं होतात. नाही ठरवली तर रोज वाद.

देवघराच्या दिशेवरून मी वाद घालत नाही. सासूबाईंनी ईशान्य म्हटलं, ईशान्येला ठेवलं, फ्रिज सरकवला. समईच्या वर फळी किंवा पडदा येणार नाही एवढंच बघितलं.

स्वयंपाकघरात काही नवीन आणलं नाही. भिंतीवरची स्टीलची मांडणी चिंच लावून घासली, ताटं उंचीप्रमाणे लावली, डाळी-साखर एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरली. वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिकचे डबे माळ्यावर गेले. मांडणी चकाकली की ओटा आपोआप नीटनेटका दिसतो.

झाडांना खर्च नाही, कुणाकडून तरी फांदी मागायची. खिडकीत ऊन येत असेल तर ऑफिस टाइम लावा, दहाच्या सुमाराला भरभरून फुलतं. ऊन नसेल तर मनीप्लांट, नुसत्या पाण्याच्या बाटलीतही वाढतो. पण बाटलीतलं पाणी आठवड्याला ओतून, बाटली आतून घासून पुन्हा भरा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात. आमच्याकडे रविवार कोरडा दिवस. बाटल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे मुलगी रिकामा करते. कुलर असेल तर त्याची टाकीही त्याच दिवशी.