बोर्ड हातात देण्याआधी: नव्या स्पीच थेरपिस्टला कसं तयार करावं

बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा उपचारांची पदवी) करून आलेल्या मुलांना उच्चार दुरुस्त करता येतात, तोतरेपणावर काम करता येतं. पण जो माणूस तोंडाने बोलणारच नाही किंवा फार थोडं बोलेल, तो समोर बसला की ती गडबडतात. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा, ऑटिझम असलेली मुलगी, अर्धांगवायूत वाचा गेलेले आजोबा, मोटर न्यूरॉनच्या आजारात जीभ हलेनाशी झालेल्या बाई. यांच्यासाठी चित्रं, अक्षरं, खुणा, फोन असं काहीही वापरून संवाद उभा करायचा असतो. आम्ही त्याला एएसी, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतो. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये इंटर्न आणि नुकती पास झालेली मुलं येतात, त्यांना मी कशी तयार करते ते लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं: साधन शेवटी शिकवा, आधी थेरपिस्टची जीभ आवरा.

पहिल्या आठवड्यात ॲप उघडू देऊ नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मराठीत आहे आणि मोफत आहे, चेन्नईचं ‘आवाज’ आहे. पोरांचे हात लगेच फोनकडे जातात. त्याऐवजी एका ए-फोर कागदावर तीसेक शब्दांचा बोर्ड द्या आणि एक सकाळ तोंड न उघडता गावात पाठवा. सोबत बोलणारा एक सहकारी हवाच. बोर्डावर ठळक लिहा, ‘मी बोट ठेवून बोलतोय, जरा थांबा.’ रिक्षा करायची, हरभट रोडवर चहा घ्यायचा, पाव किलो भडंग आणायचं. दुकानदाराला फसवायचं नाही. व्यवहार झाला की सहकाऱ्याने खरं काय ते सांगायचं. परत आल्यावर दोनच गोष्टी लिहून घ्या: लोक कोणाकडे बघून बोलले आणि कोणता शब्द सापडला नाही. लोक बहुतेक वेळा सोबतच्यालाच विचारतात, ‘ह्यांना तिखट चालतंय का?’ आणि बोर्डावर वस्तूंची नावं भरपूर असतात. ‘हे नव्हे’, ‘चुकलं’, ‘पुरे’ नसतं. एक इंटर्न असंच झणझणीत भडंग घेऊन आला होता, नाक पुसत खाल्लं त्याने. या एका सकाळीत अपंगत्व कळलं असं मात्र कोणी समजू नये. दुपारी हे पुन्हा बोलायला मोकळे असतात.

मग पेशंट. पहिल्या भेटीत चित्रं पुढे करून ‘केळं कुठंय?’ विचारायचं नाही, नुसतं बघायचं. कानाची तपासणी झालीय का, चष्मा लागतो का, फिटच्या गोळीनंतर गुंगी किती वेळ असते, खुर्चीत पाय टेकतात का. पाय लोंबत असतील तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, बोट कुठून उचलणार? फिजिओथेरपिस्टला बोलवायला नव्या मुलांना कमीपणा वाटतो, तो आधी घालवा. घरच्यांशी बोलताना कम्युनिकेशन मॅट्रिक्स, म्हणजे संवादाची पातळी बघायचा तक्ता, हाताशी ठेवायला सांगा. त्याच्या सात पातळ्यांमुळे नुसत्या रडण्या-हसण्यापासून शब्द जोडण्यापर्यंत पेशंट कुठे आहे ते दिसतं, आणि ‘काहीच येत नाही’ असा शेरा इंटर्नच्या फाइलमधून जातो.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘होय’ आणि ‘नाही’वर घालवते. आई म्हणते, ‘मॅडम, त्याला सगळं कळतंय.’ बऱ्याचदा खरंच असतं. पण होय म्हणजे वर बघणं, की पापणी मिटणं, की डावा पाय हलवणं? नाही म्हणायची वेगळी खूण आहे, की गप्प राहिलं म्हणजे नाही असं घरच्यांनी धरून चाललंय? हे नेमकं लिहायला लावा, आई आणि आजी वेगवेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहायला लावा. आणि एक शिस्त: महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा. ‘पोट दुखतंय?’ला होय आलं, तर थोड्या वेळाने ‘पोट बरं आहे?’ दोन्हींना होय आलं तर तुमच्या हाती उत्तर लागलेलं नाही. मुलं थेरपिस्टला खूश ठेवायलाही होय म्हणतात.

आता बोर्ड. तो पेशंटच्या घरी बसून करायला लावा, क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर नाही. इंग्रजीवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की रोजच्या बोलण्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग दोन-चारशे शब्दांतच भागतो. मराठीतही ‘दे, घे, जा, ये, बघ, थांब, अजून, नको, माझं’ हेच सारखं लागतं. क्रियापदं अशी आज्ञेच्या छोट्या रूपात ठेवा. प्रत्यय आणि लिंग ऐकणाऱ्याने लावायचं: मुलाने ‘आजी’ आणि ‘जा’वर बोट ठेवलं की थेरपिस्टने ‘आजीकडं जायचंय?’ असं पूर्ण म्हणून खात्री करून घ्यायची. शब्दांच्या जागा कधीच हलवायच्या नाहीत, बोटाला जागा पाठ होते. वाढीव शब्दांसाठी सुरुवातीलाच रिकामे चौकोन सोडा. रिकाम्या चौकोनांत काय येईल ते घर ठरवेल. शिराळ्याच्या मुलाला नागपंचमी लागते, कुंडलच्या मुलाला कुस्ती. जत भागात कितीतरी घरांत कन्नड चालतं, तिथे मराठीचा हट्ट धरणाऱ्या इंटर्नला मी परत पाठवते. आणि ‘गप बस’ हवंच. ते पाहून आईबाप हसतात, पण चौदा वर्षांच्या पोराला दुसरं काय म्हणायचं असतं?

बोर्ड झाला की तो थेरपिस्टने स्वतः वापरायचा. बोलताना दोन-तीन मुख्य शब्दांवर आपलंच बोट ठेवत जायचं आणि मुलाकडून काहीही मागायचं नाही, कितीतरी आठवडे. इथे नवी मुलं हमखास परीक्षा घ्यायला लागतात: ‘दाखव बघू, लाल कुठंय?’ परवानगी घेऊन सेशनचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तो बघताना पेशंटकडे नव्हे, थेरपिस्टकडे बघा. प्रश्न किती विचारले, स्वतःहून काही सांगितलं किती, एकदा बोलून झाल्यावर थांबले किती. मनात दहा आकडे म्हणेपर्यंत थांबायचं असा नियम ठेवा. दहा आकडे फार लांब असतात. त्यातच एखाद्याचं बोट उचललं जातं.

घरच्यांची भीती ठरलेली: ‘बोर्डाची सवय लागली तर बोलायचंच बंद होईल.’ इंटर्नला याचं उत्तर तयार हवं. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. एएसीमुळे बोलणं कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. थोडंफार हा शब्द गाळू देऊ नका, नाहीतर घरचे चमत्काराची वाट बघत बसतात. शाळा बोर्डाला नाही म्हणत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती आहेत, ते पान दप्तरात ठेवायला सांगा.

मोठ्यांच्या केसेस मुद्दाम द्या, कारण एएसी म्हणजे लहान मुलं असा समज घट्ट असतो. वाचा गेलेल्या शेतकऱ्याला सफरचंदाचं चित्र दाखवणं हा अपमान आहे. त्यांना हळदीचा भाव, उसाची तोड, पाण्याची पाळी, मुलांची नावं, बँक आणि ‘मला न विचारता ठरवू नका’ हे लागतं.

आणि हस्तांतराची फाइल पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. ही मुलं वर्षभरात पुण्या-मुंबईला जातात, पेशंट इथेच राहतो. होय-नाहीच्या खुणा, बसण्याची पद्धत, बोर्डावरच्या शब्दांच्या जागा आणि कोणते शब्द कधी वाढवले, एवढं दोन पानांत मराठीत. एक प्रत घरी, एक शाळेत, एक क्लिनिकमध्ये. बोर्डाची मूळ फाइल आईच्या किंवा भावाच्या फोनवर, म्हणजे लॅमिनेशन फाटलं तर झेरॉक्सवाल्याकडून तोच बोर्ड पुन्हा काढता येतो.