मोहल्ला समिती कशी उभी करावी?

सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. नेहमीचे पुढारी येतात, भाषणं होतात आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. गल्लीला खरा आधार होतो तो सण नसतानाही भेटत राहणाऱ्या मोहल्ला समितीचा, म्हणजे हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी पोलिसांच्या साथीने सलोख्यासाठी चालवलेल्या समितीचा.

भिवंडीने हे करून दाखवलं. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधायला घेतल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई दंगलीत जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशीच चळवळ उभी राहिली.

आधी माणसं निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिवंडीत हिंदू आणि मुसलमान सदस्य बरोबरीने घेतले होते, आणि तो नियम मोडू नका. ज्याच्या शब्दाला गल्लीत वजन आहे, पण ज्याला निवडणूक लढवायची नाही, असा माणूस शोधा. दवाखान्यातल्या नर्सताई, रिक्षा स्टँडवरचे चाचा, किराणा दुकानदार, अंगणवाडीच्या बाई, मशिदीतले किंवा मंडळातले जाणते लोक. उधारीची वही ठेवणाऱ्या दुकानदाराला कोणत्या घरात काय चाललंय हे आपोआप कळतं. बायका निम्म्या तरी हव्यातच, कारण भांडणाची पहिली कुणकुण त्यांनाच लागते. गुन्हे दाखल असलेल्यांना आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांना प्रेमाने बाहेर ठेवा. वाईटपणा येईल, तो घ्या.

सुरुवात नळापासून करा

पहिल्याच बैठकीत सलोख्याचा विषय काढू नका. दोन समाजांच्या मधल्या गल्लीत पाणी कमी दाबाने येतं, हंड्यांची रांग लागते, कोणाचा हंडा पुढे सरकला यावरून आवाज चढतो. हाच विषय घ्या. पाणी खात्याचा अर्ज दोन्हीकडच्या सह्यांनी लिहा आणि तो द्यायला फातिमा आणि सुनंदा अशा जोडीनेच पाठवा. कार्यालयाबाहेरच्या बाकावर दोन तास एकत्र बसून जी ओळख होते, ती पुढे कामी येते. महिन्यातून एक बैठक, ठरलेल्या वारी, कधी शाळेत तर कधी कोणाच्या ओट्यावर. वही घाला, आलेल्यांची नावं आणि ठरलेली कामं लिहा.

बीटच्या अंमलदारांना, म्हणजे तुमचा भाग ज्यांच्याकडे आहे त्या पोलिसांना, प्रत्येक बैठकीला बोलवा. लोक त्यांच्याशी एरवी बोलायला लागले, की तणावाच्या दिवशी फोन करायला कचरत नाहीत.

अफवेची तयारी शांततेतच करून ठेवा

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर संदेश येतो, "अमुक ठिकाणी विटंबना झाली." अशा वेळी कोण जाऊन पाहणार, हे आधीच ठरलेलं हवं. दोन्ही समाजांचा एकेक, दोघंही एकत्र जातील. त्यांनी पाहिलेलंच आणि तेवढंच दोघं आपापल्या गटांवर स्वतःच्या आवाजात सांगतील. ओळखीचा आवाज लोक ऐकतात. पोलिसांना त्याच मिनिटाला कळवा. जमाव जमला असेल तर स्वतः पुढे होऊ नका. आपल्या गल्लीतली पोरं घरी नेणं एवढंच तुमचं काम.

वाढवा, पण जपूनच

एक समिती वर्षभर टिकली की शेजारच्या गल्लीला तिच्या बैठकीत बसवा आणि त्यांची माणसं त्यांनाच निवडू द्या. पोरांसाठी पोलीस आणि मोहल्ला असे क्रिकेटचे सामने मुंबईत चांगले रुजले. पैसा मात्र कमीत कमी ठेवा. देणग्या आल्या की बॅनर येतात आणि बॅनरवर नाव कोणाचं यावरून समित्या फुटतात.

समितीला साथ देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची बदली हा सगळ्यात नाजूक काळ; घडी एकदा बसली म्हणजे कायमची बसली असं नसतं. त्याच भिवंडीत २००६ साली कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा उसळली आणि दोन पोलीस शिपाईही मारले गेले. म्हणून नवीन साहेब रुजू झाले की त्याच आठवड्यात ती वही घेऊन ठाण्यात जा आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यांच्या डायरीत लिहून घ्या.