व्यायामाआधी वही: कोविडनंतर कॉलेजात आलेल्यांसाठी

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आजची एफवाय-एसवायची मुलं शाळेत होती, बहुतेक सातवी-आठवीत. ज्या वयात गल्लीतलं क्रिकेट, पकडापकडी, सायकल यांतून अंगात दम भरतो, तेच दिवस गादीवर बसून ऑनलाइन तासांत गेले. त्यामुळे ‘पूर्वीसारखा व्यायाम सुरू कर’ असं त्यांना सांगून काय उपयोग? पूर्वीचं असं त्यांच्यापाशी फारसं काही नाहीच. बडोद्यातल्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवते. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी मैदानावर पळवत नाही, वही आणायला सांगते.

वहीत चार रकाने आखा: दमवणारं, मध्यम, चालणं, बसणं. सात दिवस, रोज रात्री झोपण्यापूर्वी मिनिटं लिहा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ते मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, ते दमवणारं. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा कमी झालेलं सध्या धरू नका. बसण्याचा रकाना मात्र काटेकोर भरा. लेक्चर, बस, कॅन्टीन, लायब्ररी आणि पलंगावर लोळत पाहिलेले रील्स, सगळं त्यात येतं.

आणंदहून मेमू लोकलने येणारी एक मुलगी मला म्हणाली होती, “मॅडम, मी दिवसभर धावपळच करते.” तिची वही पाहिली तर गाडीत बसून, स्टेशनवरून शेअर रिक्षात बसून, वर्गात बसून, परत गाडीत बसून दिवस संपत होता. थकवा खरा होता, चालणं जवळजवळ नव्हतं. असं पुष्कळांचं होतं. प्रवासाने माणूस शिणतो, आणि शिणणं म्हणजेच व्यायाम असं वाटून बसतो.

आठवडा संपला की हिशेब करा. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीची ही रीत आहे: चालण्याच्या मिनिटांना 3.3 ने गुणा, मध्यमच्या मिनिटांना 4 ने, दमवणाऱ्याच्या मिनिटांना 8 ने. बेरीज पाच किंवा जास्त दिवसांत मिळून 600 झाली, तर तुम्ही मध्यम सक्रिय. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की येताना रिक्षा सोड आणि स्टेशनवरून फॅकल्टीपर्यंत, म्हणजे कॉलेजपर्यंत, झपझप चालत जा. वीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस: 120 गुणिले 3.3, म्हणजे 396. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं दम लागेल असे सूर्यनमस्कार घातले की 30 गुणिले 8, म्हणजे 240. झाले 636. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, त्या मापातही ती मुलगी बसते, कारण झपझप चालणं मध्यम धरतात आणि दमवणारं एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांइतकं: 120 अधिक 60, म्हणजे 180.

शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम हवं. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे गाव, इथे दंड-बैठकांचं वेगळं कौतुक कशाला सांगायचं! पण लॉकडाऊनमध्ये वाढलेल्या बऱ्याच मुलांना पूर्ण बैठक घेता येत नाही. टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो. त्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी: बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा. दंड आधी भिंतीला हात लावून, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. पुढची पायरी घाईने घेऊ नका, मनगट आणि खांदा दुखावतो.

कोविड होऊन गेल्यावर ज्यांना अजून धाप लागते, छातीत धडधडतं किंवा थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं, त्यांनी रेटून करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं.

जागेचं म्हणाल तर कमाटीबाग आहेच. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ऊन चढायच्या आत परत या. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की बाग विसरा आणि कॉलेजचे जिने धरा.

नवरात्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बडोद्याची मुलं वर्षभरात सगळ्यात जास्त हालचाल त्याच नऊ रात्री करतात. एरवी बसून असलेले पाय एकदम अनवाणी, तासन्‌तास फेर धरतात आणि तिसऱ्या रात्री नडग्या, टाचा बोलायला लागतात. दोन महिने आधीपासून घरीच दिवसाआड वीस मिनिटं गरब्याची पावलं टाका, पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा. गरबा ‘दमवणारं’च्या रकान्यात लिहा, फक्त गप्पा मारत कडेला उभे होतात तो वेळ वजा करून.

परीक्षेच्या दिवसांत वही बंद पडते. तेव्हा दोनच गोष्टी राखा: स्टेशन ते फॅकल्टी चालणं आणि वाचताना अर्ध्या तासाने एकदा उठणं. पेपर संपले की पुन्हा सात दिवस लिहा आणि दोन्ही आठवड्यांचा बसण्याचा रकाना शेजारी-शेजारी ठेवून बघा.