ऑनलाइन लिलावात ब्रिटिशकालीन रुपयाचे दुर्मीळ प्रकार कसे ओळखावेत

लिलावाच्या साइटवर वाटेल त्या नाण्याला ‘रेअर’ म्हणतात, त्यामुळे मथळा सोडून द्या आणि फोटो वाचा. एका खुणेवर निर्णय घेऊ नका, जोडीची दुसरी खूण शोधा. सालातला एक आकडा कोरून बदलता येतो, सगळी छाप बदलता येत नाही.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. १९११ च्या छापेत त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले की तो डुक्कर वाटला, मुस्लिम समाजातून आक्षेप आले आणि बरीचशी नाणी वितळवली गेली. १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसते. म्हणून आधी साल पाहा, मग फोटो मोठा करून हत्ती पाहा. साल १९११ आणि सोंड लांब, तर आकडा खोदून बदललेला आहे. हत्ती झिजून सपाट झाला असेल तर ही खूण निकामी. अशा नाण्याला जास्त पैसे मोजू नका.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून याहून धोक्याचा. १९३८ किंवा १९४० चे साल बदलून तो सर्रास बनवतात. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेच्या मधोमध नक्षीची खाच आली. खऱ्या १९३९ ची कडा साधी दातेरी असते. म्हणून कडेचा फोटो मागाच. १९३८ चीही कडा दातेरीच असल्याने तिथे मात्र कडा उपयोगाची नाही. मग सालातले दोन्ही ९ शेजारी ठेवून आकार, उंची, जाडी जुळवा. शेवटच्या आकड्याभोवतीची सपाट जागा खरवडलेली किंवा जास्त चकचकीत दिसली, तर पुढे जा.

१८६२ साल छापलेले व्हिक्टोरियाचे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून वरच्या बाजूला आणि सालाखाली ठिपके दिले. प्रकार या ठिपक्यांच्या संख्येवर ठरतो, आणि फसगतही इथेच होते, कारण मळाचा कणसुद्धा ठिपका वाटतो. शेजारच्या अक्षराची कुठली बाजू उजळ आहे ते बघा. ठिपक्याची तीच बाजू उजळ असेल तर तो उठावाचा, उलट असेल तर खड्डा. जॉर्ज पाचव्याच्या रुपयावर तळाच्या कमळाखालचा मुंबईचा ठिपकाही असाच तपासा.

यानंतर विक्रेत्याकडे काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. झिजेने थोडे कमी चालेल. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या भावाने तिची किंमत काढली की प्रकारासाठी नेमके किती जास्त देतोय ते कळते. वरच्या कडेला कडी जोडायला डाग दिल्याची खूण असेल तर नाणे माळेतून काढलेले आहे, किंमत बरीच उतरते.

खरी संधी एकेकट्या ‘दुर्मीळ’ नाण्यांपेक्षा दहा-वीस नाण्यांच्या एकत्र लॉटमध्ये असते. तिथे विक्रेत्याने ठिपके मोजलेले नसतात. ‘आधी टॅक्स भरा’ म्हणणारा फसवणारा असतो, त्याच्याशी बोलूसुद्धा नका. आणि परदेशात राहत असाल तर लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार भारताबाहेर पाठवता येत नाही. भारतातला विक्रेता १९११ चा रुपया पोस्टाने धाडायला तयार असेल, तर बोली लावू नका.