एका कप्पीनं वजन अर्धं होत नाही! कप्पी, पहार, फळी वापरताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी विहिरीतली मोटर वर काढायची असते, आणि दर वेळी कुणीतरी खांद्यावर कप्पी टाकून येतो आणि छातीठोकपणे सांगतो, "काळजी नको, कप्पीनं वजन अर्धं होतं." होत नाही. वर बांधलेली एकटी कप्पी एक किलोसुद्धा कमी करत नाही. ती फक्त दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढता येतं, अंगाचा भार टाकता येतो, म्हणून काम हलकं वाटतं. कप्पीचा आस गंजलेला असेल तर उलट जास्तच जोर लागतो.

ही चूक मला इतकी का झोंबते, तर तिनं आमची एक मोटर खाल्ली आहे. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्या नुकताच कॉलेजातून सुट्टीला आलेला, अंगात दम, हातात वेळ नाही. मोटर, चाळीस फूट पाइप आणि पाइपात अडकलेलं पाणी मिळून 120 किलोच्या आसपास वजन असेल. विहीर दहा फूट रुंद. दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे उभे आधार, लावून त्यावर घरातला जुना वासा आडवा टाकला आणि मधोमध कप्पी लटकवली. मी म्हटलं, वासा बघ आधी. तो म्हणाला, "काका, दीडशे किलो तर आरामात पेलेल."

दीडशे पेललंही असतं. पण हिशोब कुणी केलाच नाही. दोरीच्या एका टोकाला 120 किलोची मोटर, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जोरानं खाली ओढणारे आम्ही चौघं. वासा दोन्ही पेलतो. म्हणजे जवळपास 240 किलो. मोटर पाण्याबाहेर आली, दोन हात वर चढली आणि वाशानं मधोमध कडकन आवाज दिला. वाळवीनं आतून पोखरलेला निघाला. मोटर परत पाण्यात, केबल तुटली, आणि पुतण्याच्या दोन्ही तळहातांची साल दोरीबरोबर गेली. कुणी विहिरीत गेलं नाही, कारण आप्पा पहिल्यापासून ओरडत होते की काठापासून लांब उभे राहून ओढा.

आप्पा आणखी एक गोष्ट सांगत होते, ती आम्ही ऐकली नाही. दोरीचं मागचं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका माणसानं धरायचं, जशी दोरी येईल तशी आवळत जायची. दोन वेढ्यांच्या घर्षणावर एकटा माणूस मोठा भार रोखतो. तसं केलं असतं तर मोटर विहिरीच्या काठाला घासत लटकली असती, तळाशी गेली नसती. आप्पांनी मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी, चालवलेली आहे. त्यात बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासून निघणाऱ्या वाटेच्या, उतारावरून खाली जात नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ओढायचे, म्हणजे बैलांचं स्वतःचं वजनही कामाला लागायचं. शाळेत तरफेचे तीन प्रकार पाठ करून हे येत नाही.

वजन खरंच अर्धं करायचं असेल तर दुसरी कप्पी मोटरवर बांधा. दोरीचं एक टोक वाशाला पक्कं, तिथून दोरी मोटरवरच्या कप्पीतून वर, वरच्या कप्पीवरून खाली तुमच्या हातात. आता साठ किलोचा जोर पुरतो, वर थोडं घर्षणाचं. वाशावरचा भारही 240 वरून 180 वर येतो. पण मोटर चाळीस फूट वर यायला ऐंशी फूट दोरी ओढावी लागते. इथेच घाईवाल्यांचं तोंड वाकडं होतं. "एवढी दोरी?" हो, एवढी. जोर कमी हवा असेल तर अंतर जास्त द्यावं लागतं, यात कुणाला सूट नाही. आमची मोटर शेवटी अशीच निघाली. अख्खी दुपार गेली.

आता पहार. पाच फुटी पहार घेतात आणि टेकूचा दगड भारापासून दीड फुटावर ठेवतात, कारण म्हणे तिथं तो नीट बसतो. हाताकडे 42 इंच, भाराकडे 18. जोर सव्वादोनपट जेमतेम. तोच टेकू सहा इंचांवर सरकवा, नऊपट होतो. मग पहारीवर दोघं-तिघं लोंबकळायची गरज नाही. अर्थात भार थोडाच उचलला जातो, हात नऊ इंच खाली गेला तर इकडे एक इंच. मी एक इंच उचलतो, खाली लाकडी ठोकळा सरकवतो, टेकू उंच करतो, पुन्हा एक इंच. बघणाऱ्याला कंटाळा येतो, माझी कंबर मात्र शाबूत आहे. टेकूला अर्धी वीट कधीही वापरू नका, फुटते. पहारीवर दोन बाजूंना पाय टाकून उभं राहणाऱ्याला तर मी सरळ हाकलतो.

गाडीत मोटरसायकल चढवायला चार फुटांची फळी आणणारे वेगळेच. हौदा अडीच फूट उंच आणि मोटरसायकल 150 किलोची धरली, तर चार फुटी फळीवर नव्वदच्या वर किलोचा जोर लागतो. दहा फुटी फळीवर साधारण 38 किलोचा. फळी शेजाऱ्याकडून मागून आणायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायची आणि मग सायलेन्सरवर पोटरी भाजून घ्यायची.

जॅक चढवण्याआधी चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा, नाहीतर चाक हवेत गरगरत राहतं. मऊ मातीत जॅकखाली फळी हवीच. पान्याला पाइप लावून लांबी वाढवणं नट सोडताना चालतं. आवळताना तेच केलं की आटे जातात.

लाकूड फोडायची लोखंडी पाचर गाठीत घालू नका. ठोकून ठोकून तिचं डोकं फुलासारखं पसरलं असेल तर ग्राइंडरवर घासून घ्या, त्याचा उडालेला तुकडा डोळ्यात जातो.

अडकित्त्यात सुपारी सांध्याजवळ धरा, टोकाला नाही. जाड पुठ्ठा कापताना कात्रीचंही तेच.

कप्पीच्या खोबणीपेक्षा बारीक दोरी घेतली तर ती चाक आणि पट्टीच्या फटीत उतरते आणि भार हवेत असतानाच अडकते. दोरी घेताना कप्पी दुकानात सोबत न्या. आणि काम झालं की आसाला दोन थेंब तेल. आमची कप्पी पुतण्यानं ओली तशीच गोठ्यात टांगली होती. परवा काढली तर फिरेचना.