सरस्वतीचे पुरावे स्वतः कसे तपासायचे

सरस्वती होती की नव्हती यावर रात्रभर वाद घालण्यापेक्षा एक करा, लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा (मोबाइलवर नीट कळत नाही) आणि राजस्थानातलं हनुमानगड शोधा. तिथून सुरतगड, अनुपगड असं नैऋत्येला सरकत जा. दोन्हीकडे पिवळट वाळूच्या टेकड्या आणि मधून वळणं घेत जाणारा रुंद, सपाट, हिरवा पट्टा दिसेल, तेच घग्गर नदीचं जुनं पात्र (सरस्वती म्हणजे हीच, असं मानणारे बरेच आहेत), तिकडचे लोक त्याला 'नाली' म्हणतात आणि तिथे चक्क भात पिकवतात. सरळ रेघा दिसल्या तर ते कालवे, त्यांना नदी समजू नका. बॉर्डरपलीकडे पाकिस्तानातल्या चोलिस्तान वाळवंटात याच नदीला हाकरा म्हणतात. 1980 च्या आसपास शास्त्रज्ञ यशपाल आणि सहकाऱ्यांनी लँडसॅट उपग्रहाच्या फोटोंवरून हे पात्र 6 ते 8 किलोमीटर रुंद असल्याचं दाखवलं होतं.

पण फोटोवरून पात्र कळतं, त्यात पाणी कुठून यायचं आणि कधी यायचं ते नाही कळत, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

त्यासाठी वाळूकडे वळा. नालीत बोअर घेतला की वरची बारीक माती संपल्यावर खाली करडी वाळू लागते, हातावर घेतली तर अभ्रक चमकतं, काळे-पांढरे दाणे वेगवेगळे दिसतात. वाऱ्याने आलेली वाळवंटी वाळू अशी नसते, ती पिवळसर आणि एकसारखी बारीक. करडी वाळू हिमालयातून येते. त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांची आणि अभ्रकाची वयं काढली की वाळू सतलजची की यमुनेची हेही बऱ्यापैकी सांगता येतं.

मग तारीख. ओएसएल म्हणून पद्धत आहे, कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते त्यात मोजतात, म्हणून सँपल लाल दिव्याखालीच उघडायचं, उजेड लागला की ते बाद.

आता खरी गंमत. 2017 मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी कालीबंगन या हडप्पाकालीन शहराजवळ बोअर घेऊन सांगितलं की सतलज साधारण 8,000 वर्षांपूर्वीच इथून निघून गेली, म्हणजे हडप्पाची शहरं तिने सोडलेल्या खोलगट पट्ट्यात वसली. 2019 मध्ये अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) आणि आपली आयआयटी बॉम्बे यांनी मात्र 9,000 ते 4,500 वर्षांपूर्वी नदी बारमाही होती असं मांडलं. म्हणजे मोठी नदी वाहत होती यावर भांडण नाहीच, भांडण आहे ते हिमालयाचं पाणी कधी तुटलं यावर, आणि बातम्यांचे मथळे नेमकं हेच गाळतात.

दोन्ही पेपर नेटवर फुकट आहेत. आधी निष्कर्ष वाचू नका, गाळाच्या उभ्या छेदांच्या आकृत्या शेजारी-शेजारी लावा आणि करडी वाळू किती मीटरवर संपते, तिथे तारीख काय निघालीय ते बघा.