पाणंद संपली की फोर-लो टाका

गाडी फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) आहे म्हणजे कुठंही घातली तर चालते, असं नवीन गाडीवाल्या प्रत्येकाला वाटतं. चालत नाही राव. पन्हाळा-शाहूवाडीकडचा दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता असला, तरी आधी खाली उतरून अवघड टप्पा पायी बघून या. उसाच्या पाणंदीत समोरनं ट्रॉली आली तर मागं कुठं सरायचं, तेही तेव्हाच हेरून ठेवा.

डांबर सुटलं की टायरातली हवा ३४-३५ पीएसआयवरनं २५ पर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड वाढते. मग गाडी थांबवून न्यूट्रल करा, फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) टाका, पहिला गिअर घाला.

आता जांभा. कोरडा असताना पकड झकास देतो, पण पावसात शेवाळ धरला की चाक टिकत नाही. मोठा दगड दोन चाकांच्या मधनं काढायचा मोह होतो. काढू नका, डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, खाली लोंबणारा गोळा नेमका तिथंच आपटतो. चाकच दगडावर चढवा, हळू, एका दमात. एक जण पुढं उभा राहून हातानं खुणा करू दे. चौघं मिळून ओरडायला लागले की ड्रायव्हरचा पार गोंधळ होतो. स्टिअरिंगला अंगठे आतनं अडकवू नका, चाक दगडाला थटलं की झटका बसतो.

उतारावर क्लच दाबायचा नाही. पहिल्या गिअरात इंजिनच गाडी धरतं, ब्रेक नुसता जोडीला.

ओढा असेल तर काठीनं खोली बघा. चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी किंवा ओढ जोराची असली, तर सरळ माघारी फिरा. चिखलात रुतलात तर रेस देऊ नका, गाडी आणखी खाली बसते. चाकापुढं दगड, फांद्या घाला. ओढायची वेळ आली तर दोर टो-हुकालाच बांधा, बंपरला नाही, आणि ताणलेल्या दोराजवळ कुणाला उभं करू नका.

पठारावर वाट सोडून गाडी फिरवू नका. तिथली माती वीतभरसुद्धा नसते, फुलं त्यावरच येतात. दाजीपूरच्या बाजूला गवा आडवा आला तर हॉर्न न वाजवता थांबा. अभयारण्यात परवानगीशिवाय जायचंच नाही.

परत डांबराला लागताना टू-हाय (नेहमीचं दोन चाकांवर चालणं) टाका, नाहीतर वळणावर गिअरबॉक्सवर ताण येतो. हवा भरा, आणि ब्रेक ओले असतील तर चार-दोनदा हलके दाबून सुकवून मगच वेग धरा.